आधी डोळा, मग दुर्बीण

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल ज्याच्या हाती कधी आले नाही, असा मराठी माणूस विरळाच. त्या पिस्तुलाला आवाज असतो, नेम नसतो. त्यामुळे नेम धरण्यासाठी त्यावर काय बसवावे, हा प्रश्न आमच्या पिढीला पडलाच नाही. मला तो पडला गेल्या भाऊबिजेला, कोल्हापुरात ताईच्या घरी, ओवाळून घेण्यासाठी पाटावर बसलो असताना.

"मामा, आईला काय द्यायचं ते द्या, मला मात्र नवी साइट द्या," भाची म्हणाली.

ही भाची चौदा वर्षांची. वर्षभरापासून दहा मीटरच्या एअर रायफलची नेमबाजी शिकते आहे. कोल्हापुरात याचे कुणाला नवल वाटत नाही. 2010 साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत तिथलीच. 2018 च्या एशियाडमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबतही तिथलीच. आणि 2024 साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमधून रायफलचे ब्राँझपदक आणले, तेव्हापासून तर घरोघरचे आईबाप पोरांच्या हातांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत.

"क्लबची रायफल जुनी आहे. तिची साइटच गेलीय," दाजींनी निकाल दिला. "सकाळी पोरगी झकास मारते आणि संध्याकाळी छर्रे कुठल्या कुठं! मी म्हणतो, सरळ दुर्बीण बसवू. नेमबाजाला घारीची नजर पाहिजे. चष्मेवाल्याचं ते काम नव्हे."

भाची काही बोलली नाही. ताटातल्या करंजीकडे पाहत राहिली.

खर्च मोठा, म्हणून आधी जाणत्याला विचारावे असे ठरले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या सरांना गाठले. दुर्बिणीचे नाव काढताच ते हसले.

"ऑलिंपिकच्या रायफलला दुर्बीण चालत नाही, आणि पिस्तुलाला तर दुर्बीणही नाही नि लाल ठिपक्याची साइटही नाही. शिवाय दुर्बीण नुसतं लक्ष्य मोठं करत नाही, हाताची थरथरही मोठी करून दाखवते. नवशिका ती पाहून घाबरतो आणि ठिपका मधोमध आला रे आला की चाप खसकन ओढतो."

मग त्यांनी आम्हांला रायफलमधून पाहायला लावले. मागच्या साइटला बारीक भोक. पुढे नळीच्या टोकाशी एक कडे. त्या पलीकडे लक्ष्याचे काळे वर्तुळ, 30.5 मिलिमीटरचे. त्याच्या मध्यावर दहा गुणांचा ठिपका असतो तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! तो दहा मीटरवरून दिसतच नाही. दिसावा अशी अपेक्षाही नसते. भोकात कडे, कड्यात काळे वर्तुळ, आणि भोवती सारखी पांढरी किनार, एवढेच पाहायचे.

नवशिके पुढचे कडे घट्ट घेतात. लहान कडे म्हणजे नेमका नेम, असा त्यांचा समज. पण पांढरी किनार फार बारीक झाली, की वर्तुळ मधोमध आहे की नाही हे डोळ्याला उमगत नाही. म्हणून कडे थोडे सैलच बरे.

पिस्तुलाला मागे खाच आणि पुढे उभी माशी. दोहोंत अंतर सुमारे एक फूट. खाचेतली माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर सरकतो. उलट दोन्ही जुळलेल्या राहून सगळा हातच मिलिमीटरभर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. म्हणून पिस्तूलवाल्याने नजर माशीवर ठेवायची. लक्ष्य अंधुक दिसले तरी चालते. चाळिशी उलटलेल्यांना नेमकी ही माशीच धूसर दिसते. अशांना हौसेच्या नेमबाजीत लाल ठिपक्याची साइट सोयीची, कारण तिचा ठिपका लक्ष्याइतक्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो.

"आणि साइट घ्यायचीच झाली तर पारखायची कशी?" मी विचारले.

"पाच छर्रे मारा. स्क्रू दहा खटके उजवीकडे फिरवा, पुन्हा दहा खटके डावीकडे आणा, आणि आणखी पाच मारा. दोन्ही वेळचे छर्रे एकाच जागी पडले, तर साइट खरी. बाकी चकाकी."

तीच परीक्षा सरांनी क्लबच्या साइटची स्वतः घेतली. ती उत्तीर्ण झाली! मग त्यांनी भोकाची चकती निरखली. तिचे भोक लहानमोठे करता येते. ते अगदी बंद होईल इतके बारीक केलेले होते.

"हे कुणी केलं?"

"मी," भाची पुटपुटली. "असं केलं की स्पष्ट दिसतं."

सरांनी तिला हॉलच्या पलीकडच्या भिंतीवरची पाटी वाचायला सांगितली. तिला पहिली ओळसुद्धा वाचता येईना.

कोडे सुटले. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहिले, तर चष्मेवाल्याला चष्म्याशिवायही बरे दिसते. वाचकांनी घरी करून पाहावे. भाचीने हीच युक्ती नकळत शोधली होती. पण भोक जितके बारीक, तितका उजेड कमी. सकाळी खिडक्यांतून ऊन येई, तोवर काम भागे. संध्याकाळ झाली की कडे आणि वर्तुळ दोन्ही काळोखात बुडत.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" दाजी ओरडलेच.

"चष्मा लागला तर तुम्ही रायफल बंद कराल म्हणून."

दाजींचा चेहरा उतरला. सरांनी त्यांना पॅरिसच्या तुर्की नेमबाजाची, युसुफ डिकेचची, आठवण दिली. साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून त्याने 2024 च्या ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या मिश्र दुहेरीत रौप्यपदक पटकावले होते!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उणे अडीचचा नंबर काढला. एक नेहमीचा चष्मा झाला. दुसरा नेमबाजीचा, कारण रायफलला गाल टेकला की मान कलते आणि नेहमीच्या काचेच्या कडेतून पाहिले जाते. नेमबाजीच्या चौकटीत काच डोळ्यासमोर हवी तशी सरकवता येते. चकतीचे भोक सरांनी मिलिमीटरभर उघडले. तीच जुनी साइट संध्याकाळीही नीट वागू लागली.

ओवाळणी अशी चष्म्यावर निभावली. तो आला त्या संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो होतो.

"मामा, पलीकडचे दिवे सुटे सुटे दिसतात!" भाची म्हणाली.

दाजी काही बोलले नाहीत. खिशातून स्वतःचा वाचायचा चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसले.