आधी गाऊन बघा

लॅपटॉपवर ड्रम, बेस झकास जमतात. चाल मात्र चार बारच्या लूपमध्ये घाण्याच्या बैलासारखी फिरते. नवं प्लगिन घेऊन ती सुधारत नाही; रागाकडून मात्र शिकता येतं. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. त्यातला भूप ऐका. सूर पाचच, मध्यम-निषाद वर्ज्य. पण गंधार वादी, धैवत संवादी, म्हणजे कुठे रेंगाळायचं ते ठरलेलं. शिवाय ३०३मध्ये सुरावरून सुरावर घसरायची सोय, त्यामुळे मींडेचा भास होतो. आमच्याकडे रचना पाठवणाऱ्यांना विनंती एवढीच: चाल आधी गुणगुणा, श्वास लागेल तिथे जागा सोडा, मगच माउसला हात लावा.