वजनदार मुद्दा

परवा दरेकसाच्या स्टेशनावर बाकड्यावर बसून, तळहाताएवढ्या चिखलाच्या डागाकडे बघत मी ठरवलं की या विषयावर लिहायचंच. तसं शनिवारी मी तीनच गोष्टी करतो : उशिरा उठणे, कपडे मशीनला लावणे आणि इथे काहीतरी खरडणे. या वेळी मात्र राग आहे. त्यामुळे जरा जास्त लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

माझा एक कॉलेजचा मित्र आहे. नाव नको, तो हे वाचतो. नागपुरात मिहानमध्ये नोकरी, पगार बरा, लग्न व्हायचंय. म्हणजे पैसे खर्च करायला एकच जागा उरते, गाडी. साधी पेट्रोल हॅचबॅक, वजन साधारण ८८० किलो. गेल्या वर्षी त्याला कुठूनतरी कळलं की गाडी हलकी केली की ती पळते. झालं! सुट्टीच्या दिवशी पाना-पकड घेऊन बसला. स्टेपनी काढली, जॅक आणि टूलकिट काढलं, मागची अख्खी सीट काढली, खालचं कार्पेट आणि आवाज दाबणारं डांबरी अस्तर खरवडून काढलं. प्रत्येक वस्तू घरच्या वजनकाट्यावर ठेवून एक्सेलमध्ये नोंद. (इंजिनिअर आहे शेवटी.) स्टेपनी १४, जॅक वगैरे ४, सीट २४, अस्तर-कार्पेट ८. एकूण ५० किलो.

मी पुण्याहून सुट्टीवर गेलो होतो. पाऊस नुकताच संपलेला, हाजरा फॉल पाहायचा, आणि परतताना आमगावहून मामा-मामींना गाडीत घालून नागपूरला आणायचं, असा बेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींची डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलेली होती. सीट नाही ही किरकोळ बाब साहेबांनी मला सांगितलीच नव्हती. नागपुरात दार उघडलं तेव्हा कळलं. मागे नुसता रंगवलेला पत्रा. आणि त्यावर, सन्मानाने, प्लायच्या खोक्यातला सबवूफर.

"अरे बसतील ना, गादी टाकू," हे त्याचं उत्तर.

आमगावात मामांनी आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काऊन रे भाचा, शीट कोणं नेली?" मी काय सांगणार? पॉवर-टू-वेट रेशो? साठी ओलांडलेल्या बाईला पत्र्यावर, बेल्टशिवाय, हायवेवरून दीडेकशे किलोमीटर न्यायचं? शक्यच नव्हतं. त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरली. जनरलचा डबा. मामी गोंदियापासून भंडाऱ्यापर्यंत उभ्या होत्या, हे मला नंतर मामेबहिणीकडून कळलं. त्या स्वतः काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

असो. आता हिशोबाकडे येऊ, कारण हे लोक भावनेला बधत नाहीत.

५० किलो कमी केले, मान्य. गाडी, आम्ही दोघं आणि अर्धी टाकी पेट्रोल मिळून साधारण १०५५ किलो. म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. इंजिनची ताकद तीच असेल तर वेग घ्यायला लागणारा वेळ ढोबळमानाने वजनाच्या प्रमाणात घटतो. शून्य ते शंभरला साडेबारा सेकंद लागत असतील तर वाचले ०.६ सेकंद. तेही सुरुवातीच्या वेगात. एकदा हायवेला शंभरच्या आसपास गेलात की इंजिन मुख्यतः हवेशी भांडत असतं, आणि हवेला तुमच्या मागे सीट आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पण थांबा, गंमत पुढे आहे. याच भल्या माणसाने दिसायला भारी म्हणून १७ इंची अलॉय आणि रुंद टायर बसवले. जुन्या चाकापेक्षा प्रत्येक चाक साडेतीन किलोने जड. चार चाकांचे झाले १४. त्यात चाक नुसतं पुढे जात नाही, ते फिरतंही. रिमवरच्या किलोला पुढेही ढकलावं लागतं आणि गरगरवावंही लागतं, त्यामुळे वेग घेताना तो जवळपास पावणेदोन किलोसारखा वागतो. (दुसऱ्या वर्षाचं मेकॅनिक्स. तो नापास झाला नव्हता, माझ्या शेजारीच बसून पास झाला होता.) म्हणजे १४ चे झाले साधारण २५. सबवूफर, अँप्लिफायर आणि खोकं मिळून १८. पन्नासातून पंचवीस गेले, अठरा गेले, उरले सात. सात किलो! आणि निघताना आम्ही पाच-पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन ठेवले होते.

म्हणजे मामींची सीट काढून आम्ही तीन किलो कमावले होते. उलट्या दिशेने.

बरं, गाडीचं वागणं सुधारलं असेल तर म्हणावं. तेही नाही. मागचे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर कंपनीने मागे माणसं बसतील असं धरून ठरवलेले असतात. ते ओझंच काढून टाकलं की गाडीचा पार्श्वभाग खड्ड्यागणिक उड्या मारतो. सालेकसा सोडल्यावर जंगलातल्या वळणांवर हे चांगलं जाणवलं. अस्तर खरवडल्यामुळे प्रत्येक खडा पत्र्यावर आपटल्याचा आवाज थेट दातात. संगीत ऐकायला लावलेला सबवूफर ऐकूही येईना.

आणि मग दरेकसाच्या अलीकडे ते झालं, जे व्हायचंच होतं. रस्त्याच्या कडेचा टोकदार दगड, वर लो-प्रोफाइल टायर. बाजूची भिंत चिरली. ट्यूबलेसचा पंक्चर किट होता म्हणे त्याच्याकडे, पण तो टायरच्या तोंडावरच्या भोकाला चालतो, बाजूच्या चिरेला नाही. स्टेपनी नागपुरात, बाल्कनीत. मोबाईलला रेंज नाही. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला साग, मध्ये दोन इंजिनिअर. अडीच-तीन किलोमीटर चालत स्टेशनपर्यंत आलो. १७ इंची ती साइज ना सालेकसात मिळाली, ना आमगावात. गाडी तिसऱ्या दिवशी टेम्पोवर चढून गोंदियाला गेली. टेम्पोवर मात्र ती खूपच हलकी वाटली असेल.

स्टेशनावर बसलो असताना समोरून मालगाड्या जात होत्या. हावडा-नागपूर-मुंबई लाइन, छत्तीसगडकडच्या कोळशाच्या गाड्यांची इथे रांग असते, आणि पुढे डोंगरातून बोगदा. पुढे एक डब्ल्यूएजी-९ इंजिन. मित्राला म्हटलं, हे बघ. हे इंजिन मूळचं १२३ टनांचं. रेल्वेवाल्यांना याच इंजिनाने जड गाड्या ओढायच्या होत्या, तेव्हा त्यांनी काय केलं? वजन वाढवलं! डब्ल्यूएजी-९एच हे १३२ टनांचं आहे. मुद्दाम भार घातला, कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, आणि ते न घसरता ओढायचं तर चाकावर दाब हवा. सांगायचा मुद्दा असा की वजन म्हणजे पाप नव्हे. कुठलं वजन काय काम करतंय हे विचारावं लागतं. तो म्हणाला, "ट्रेनचं वेगळं असतं." तो तेव्हा बुटातला खडा काढत होता, म्हणून मी सोडून दिलं.

"पण रेसवाले काढतात ना सीटा!" हा पुढचा युक्तिवाद. हो, काढतात. आणि आत पोलादी नळ्यांचा रोल केज वेल्ड करतात, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस लावतात, अग्निशामक ठेवतात, हेल्मेट घालतात आणि जिथे समोरून ऊसाची ट्रॉली येत नाही अशा ट्रॅकवर किंवा बंद केलेल्या रस्त्यावर जातात. आम्ही दोघंही कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होतो, पीथमपूरला जाऊन आलो. तिथे इंजिन सगळ्यांना एकच, त्यामुळे खेळ सगळा वजनाचा. आम्ही बोल्टची लांबी कापली, ब्रॅकेटला भोकं पाडली, रंगाचा दुसरा हात दिला नाही. पण रोल केजला हात लावायची सोय नव्हती. त्या नळीत कार्बन किमान ०.१८ टक्के हवा, जाडी-व्यास नियमात हवा, नाहीतर तपासणीतच घरी. वीस वर्षांच्या पोरांना जे कळत होतं ते सत्ताविसाव्या वर्षी विसरायला काय लागतं? फक्त पगार?

"कंपन्या उगाच लोखंड भरतात" हेही एक. अहो, कंपनीला एक किलो पत्रा फुकट मिळतो का? जितकं वजन काढता येईल तितकं त्यांनी आधीच काढलेलं असतं, कधीकधी तर नको तितकं. नॅनो आठवा. २००९ साली आली, सहाशे किलोच्या आसपास. चाकाला तीन नट, वायपर एक, स्वस्तातल्या मॉडेलला आरसा एकाच बाजूला, डिकीला बाहेरून दार नाही. पुण्याच्या इंजिनिअरांनी प्रत्येक वस्तूला "तू हवीस का?" असं विचारून ती गाडी काढली. २०१८ मध्ये ती बंद पडली हा वेगळा विषय, पण हलकेपणा कागदावर, डिझाइन करताना आणायचा असतो, हे तिने दाखवलं. रविवारी सकाळी पाना घेऊन तो येत नाही.

"माझी गाडी, माझे पैसे." नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. स्टेपनीला २०२० पासून सूट आहे, पण टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असलेल्या गाड्यांना. याच्या गाडीत दाब दाखवणारा तो स्वतः, बुटाने टायरला लाथ मारून.

मायलेजचं म्हणाल तर अमेरिकेच्या सरकारी खात्याचा ढोबळ आकडा असा, की साधारण ४५ किलो कमी केले की इंधन एक टक्का वाचतं. एक टक्का! एवढं तर चाकात हवा नीट भरली तरी मिळतं.

मी हलकेपणाच्या विरुद्ध नाहीये. टपावरचं रिकामं कॅरियर काढा, ते वजनही आहे आणि हवेलाही अडवतं. डिकीत सहा महिने पडलेली क्रिकेटची किट, सोसायटीच्या गणपतीचा मांडव बांधायची दोरी, ते काढा. चाकं बदलायचीच तर त्याच मापाची, खरोखर हलकी घ्या. आणि नोकरीला लागल्यापासून माझं स्वतःचं वजन अकरा किलोने वाढलंय. ते उतरवलं तर त्याच्या संपूर्ण एक्सेल शीटपेक्षा जास्त कमाई होते, हे मीच त्याला सांगितलं. तेवढं एक त्याला लगेच पटलं.

मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा मी टॅक्सी करणार आहे. मित्राने सीट परत बसवायचं कबूल केलंय, पण एक अडचण आलीये. बाल्कनीत ठेवलेल्या त्या सीटवर त्याचे बाबा रोज सकाळी बसून पेपर वाचतात, आणि इतक्या वर्षांत कंबरेला इतका आराम पडला नव्हता म्हणून ते आता ती सोडायला तयार नाहीत.