होकाराआधी साप नको

‘आधी घरी आणा, मग नवऱ्याला किंवा बायकोला आपोआप सवय होते.’ इंग्लंडमध्ये साप पाळणाऱ्यांत हा सल्ला फार सहज दिला जातो, आणि पहिल्यांदा साप घेऊ पाहणाऱ्याला तो अनुभवाचा बोल वाटतो. मला तो नुसता चुकीचा नाही, क्रूर वाटतो. जोडीदारावर तो अन्याय करतो आणि सापाच्या जिवाशी खेळतो. मी स्वतः साप पाळते. साप घरात असावा, मुलांनी तो जवळून पाहावा असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या सल्ल्याचा प्रतिवाद सापांना नावं ठेवणाऱ्यांपेक्षा आमच्यातल्याच कुणी केलेला बरा.

कुठल्या सापांबद्दल बोलते आहे, ते आधी सांगते. विषारी साप ठेवायचा तर ब्रिटनमध्ये १९७६च्या कायद्याखाली कौन्सिलचा परवाना लागतो. तो विषय इथे नाही. घरांमध्ये नेहमी दिसतात ते दोन बिनविषारी साप. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक. दुसरा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला रॉयल पायथन, ज्याला अमेरिकेत बॉल पायथन म्हणतात. हा अजगरांच्या कुळातला असला तरी पूर्ण वाढल्यावर साधारण तीन ते पाच फुटांचा होतो, आणि घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचं वेटोळं करून बसतो. माझ्याकडे आहे तो हाच.

सल्ला देणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की जोडीदाराची भीती म्हणजे अज्ञान, जुन्या गोष्टी ऐकून आलेली अंधश्रद्धा. तिला किती मान द्यायचा? माझा नवरा देवगडकडचा आहे. त्या भागात सड्यावरच्या दगडांखाली, चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात फुरसं असतं. दगड उचलण्याआधी काठीने हलवून बघायचं, रात्री उजेडाशिवाय परड्यात जायचं नाही, हे तिथलं मूल चालायला लागल्यापासून शिकतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा त्याला चावा कळतही नाही, हे तिथे कुणाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढी माणसं ज्या देशात दगावतात, तिथून आलेल्या माणसाच्या भीतीला अंधश्रद्धा म्हणणं हेच अज्ञान आहे. ती भीती त्याच्या गावी त्याला जिवंत ठेवणारी होती. लंडनच्या फ्लॅटमधल्या बिनविषारी सापाला ती लागू पडत नाही, हे खरं. पण भीतीला पत्ता बदलल्याचं कळत नाही.

शिवाय ही भीती माणसाला फार लवकर चिकटते. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांना सापाची भीती नव्हती. जंगलात वाढलेलं माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिलं आणि ती थोड्या वेळात घाबरायला शिकली. तशीच चित्रफीत जुळवून एखादं माकड फुलाला घाबरताना दाखवलं, तर त्यातून मात्र ती फुलाला घाबरायला शिकली नाहीत. या प्रयोगांचा आणखी एक भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ज्या माकडांनी आधी दुसऱ्या माकडाला सापाजवळ शांत बसलेलं पाहिलं होतं, ती पुढे घाबरलेलं माकड पाहूनही सहसा घाबरली नाहीत. घरात मुलं असतील तर आई किंवा बाबा सापासमोर कसे वागतात, याला किती महत्त्व आहे ते यावरून कळावं. आणि घरातल्या एकावर साप लादला, तो रोज दचकत राहिला, तर मुलं तेच शिकणार.

दुसरा मुद्दा वरवर सभ्य वाटतो: माहिती द्या, भीती जाईल. साप बुळबुळीत नसतो, त्याची त्वचा कोरडी असते. त्याला वास नसतो. अस्वच्छ काचपेटीला असतो. तो विनाकारण चावत नाही आणि रॉयल पायथन चावलाच तर बारीक ओरखड्यांपलीकडे सहसा काही होत नाही. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. एक गोष्ट तर ठामपणे खोडून काढायला हवी, कारण ती मराठी घरांतही फिरते: पाळलेला अजगर मालकिणीशेजारी लांब होऊन झोपायचा, कारण तो तिला गिळता येईल का याचं माप घेत होता. ही कथा धादांत खोटी आहे. अजगर दबा धरून शिकार करतो, शेजारी झोपून मोजमाप करत नाही. आणि उंदीर-घुशींएवढं भक्ष्य खाणारा चार फुटी रॉयल पायथन माणसाचा खांदा गिळू शकत नाही.

पण एवढं सगळं पटलेला माणूससुद्धा पेटी उघडली की मागे सरकतो. माहिती डोक्याला पटते आणि पाय मात्र दाराकडे वळतात. याचं उत्तर १९६९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बँडुरा, एडवर्ड ब्लँचर्ड आणि ब्रुनहिल्ड रिटर यांनी दिलेलं आहे, आणि साप घ्यायला निघालेल्या प्रत्येक जोडप्याने ते समजून घ्यावं असं मला वाटतं. सापाची तीव्र भीती असलेली माणसं त्यांनी घेतली. एका गटाला, माणसं सापाशी खेळताहेत अशी फिल्म दाखवली. भीती वाटली की फिल्म थांबवायची आणि मागे न्यायची मुभा बघणाऱ्याच्याच हातात होती. दुसऱ्या गटासमोर मार्गदर्शकाने आधी स्वतः साप हाताळला, मग समोरच्याला एकेक पायरी जवळ आणलं: आधी हातमोजा घालून स्पर्श, मग उघड्या हाताने, मग साप हातात घेणं. या दुसऱ्या गटातले बहुतेक सगळे शेवटी साप मांडीवर फिरत असताना हात बाजूला ठेवून शांत बसू शकले. आपल्या मुद्द्यासाठी यातली महत्त्वाची बाब अशी, की ही माणसं स्वतःहून आली होती. कुणाच्याही न्हाणीघरात एके दिवशी अचानक साप निघाला नव्हता. ‘आधी आणा, मग सवय होते’ हा सल्ला नेमका याच्या उलट्या दिशेने जातो. ज्याला घाबरायचं त्यालाच घरात रात्रंदिवस कोंडून ठेवलं, तर भीती मुरते, आणि तिच्या जोडीला साप आणणाऱ्याबद्दलचा राग मुरतो.

आमच्या घरी क्रम असा होता. एका ओळखीच्या घरी जाऊन काचेतून पाहणं. मग त्याच खोलीत बसणं, साप दुसऱ्याच्या हातात असताना. मग शेपटीकडच्या बाजूला एक बोट. प्रत्येक वेळी ‘पुरे’ म्हणायचा हक्क नवऱ्याचा, आणि त्याने ‘पुरे’ म्हटल्यावर मी एक शब्द बोलायचा नाही, हा नियम. घरात साप यायला यात खूप वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. शेवटी होकार देतानाही त्याने एक अट घातली: ‘त्याचे उंदीर माझ्या सुरमईशेजारी नकोत.’

ही अट मला फार योग्य वाटते, कारण खरे आक्षेप इथून सुरू होतात. विष, बुळबुळीतपणा, गळा आवळणं हे आक्षेप खोडणं सोपं आहे, म्हणून सापवाले तेवढेच खोडतात आणि वाद जिंकल्यासारखे निघून जातात. जोडीदाराचे भक्कम आक्षेप वेगळेच असतात आणि त्यांचं खंडन करता येत नाही. ते मान्य करून त्यांची व्यवस्था लावावी लागते.

पहिला फ्रीझरचा. सापाला गोठवलेले उंदीर विकत आणून, वितळवून, कोमट करून द्यावे लागतात, आणि गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. ब्रिटनमध्ये अशा उंदरांमुळे शेकडो लोकांना लागण झाल्याची नोंद आहे. तेव्हा वेगळा छोटा फ्रीझर, वेगळी भांडी, मायक्रोवेव्हचा वापर अजिबात नाही, साप हाताळल्यावर साबणाने हात धुणं, आणि पेटीची सफाई स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही नाही. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सरपटणारा प्राणी ठेवू नये, असा इथल्या आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे. अशा घरात जो जोडीदार आज नको म्हणतो त्याचंच बरोबर आहे. वाद तिथेच संपवावा आणि मूल मोठं होईपर्यंत थांबावं.

दुसरा आक्षेप वर्षांचा. नीट सांभाळला तर रॉयल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. बारा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर आणलेला साप तो मुलगा विद्यापीठात गेल्यावर कोण सांभाळणार? बहुधा ज्याने सुरुवातीला नको म्हटलं तोच. इंग्लंड-वेल्समध्ये २००६च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळलेल्या प्राण्याच्या गरजा भागवणं बंधनकारक आहे. त्यातून साप सुटलेला नाही. पेटीची एक बाजू तीसेक अंशांवर, दुसरी त्याहून थंड, ऊब देणाऱ्या दिव्याला थर्मोस्टॅट, लपायला जागा, पुरेसा ओलावा आणि कुलूप लागणारं दार, एवढं रोज पाहावं लागतं. पेटीचं दार सैल राहिलं तर साप हमखास बाहेर पडतो.

त्यात आपल्यासारख्यांची एक खास अडचण. आपण भारतात जातो ते आठवड्याभरासाठी नाही, महिना-सव्वा महिन्यासाठी. रॉयल पायथन कधीकधी महिनोन् महिने स्वतःच खाणं सोडतो, त्यामुळे भूक हा प्रश्न नाही. पण पाणी आणि तापमान रोज बघणारं माणूस लागतं. आपल्या ओळखीत सापाच्या पेटीत हात घालायला तयार असलेलं माणूस आधी शोधावं, साप नंतर.

आणि जोडीदाराचा एक आक्षेप असा, की सापाला माया नसते, मग इतका खटाटोप कशाला. माया नसते हे मी मान्य करते. कुत्रा ओळखतो तसा साप आपल्याला ओळखत नाही. हाताळण्याची त्याला सवय होते, एवढंच. पण जो प्राणी आपल्यावर प्रेम करत नाही, त्याचीही नीट काळजी घ्यावीशी वाटणं याला मी कमी लेखत नाही. त्याची अखंड निघालेली कात हातात धरली, तिच्यात डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांचासुद्धा ठसा दिसला, की माझ्या मुलीच्या तोंडून जे प्रश्न निघतात, ते मला पुरेसे आहेत.

होकाराशिवाय आणलेल्या सापाचं काय होतं, हेही सांगायला हवं. तो शयनगृहातून गॅरेजमध्ये जातो, गॅरेज हिवाळ्यात गार पडतं, साप खाणं सोडतो, आजारी होतो, मग निवारा केंद्राच्या दारात जातो किंवा कुठेतरी सोडला जातो. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव बर्मी अजगर असेच सुटले आणि सोडले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, जिथे ते सर्वांत जास्त काळ राहिले तिथे रकून आणि ऑपॉसम दिसण्याचं प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांनी घटलं होतं. इंग्लंडच्या थंडीत रॉयल पायथनची वस्ती होणार नाही. सोडलेला साप नुसता मरेल.

पुण्या-नाशिकची भाचरं आमच्याकडचे फोटो बघून विचारतात, मग आम्ही धामण पाळू का? नाही. भारतातले साप वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. ते पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे, मग ती धामण असो की दिवड. रॉयल पायथनसारख्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांचीही कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार सरकारदरबारी नोंद करावी लागते. तिथे अंगणात निघालेल्या सापासाठी सर्पमित्राला बोलवावं आणि साप जाताना डोळे भरून पाहून घ्यावा.

आता उरला तो शेवटचा प्रश्न: सगळं नीट करूनही उत्तर ‘नको’च आलं तर? मग साप आणायचा नाही. जोडीदाराला त्यासाठी कारण देण्याचीही सक्ती नको. स्वतःच्या घरात निर्धास्त झोप यावी एवढं कारण पुरेसं आहे. ब्रिटनमधल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवारा केंद्रांना पेट्या धुवायला, पाणी बदलायला, थर्मोस्टॅट तपासायला माणसं हवी असतात. रविवारी सकाळी तिथे जाता येतं.