सहाध्यायांची हकीकत

कॉलेज सोडून पंचवीस-तीस वर्षें लोटलीं म्हणजे एक चमत्कारिक काळ येतो. ज्यांचीं नांवेंहि इतके दिवस स्मरलीं नव्हतीं ते सहाध्यायी एकाएकीं आठवूं लागतात. कोण कोठें आहे, कोणत्या हुद्द्यावर चढला, मुलें किती, मुलीचें लग्न झालें कीं नाहीं, अशी चौकशी सुरू होते. गेल्या महिन्यांत आमच्या वर्गांतील एका उत्साही गृहस्थांनीं सर्वांस कळविलें कीं, प्रत्येकानें आपली हकीकत अर्ध्या पानांत लिहून पाठवावी. मी वडगांव रासाईस, आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर बसून ती लिहावयास घेतली. पण चार ओळींपलीकडे मजल जाईना.

तोंवर इतरांच्या हकीकती येऊन पोंचल्या होत्या. त्यांत बंगले होते, परदेशीं स्थायिक झालेले मुलगे होते, आणि पगाराचा आंकडा सांगावयाचा नाहीं असें म्हणून तो सुचविण्याची कलाहि होती. (मीहि त्या कलेंत अगदींच अनभिज्ञ आहें असें नाहीं.) मात्र ज्याच्या वहीवरून आम्ही सारे गणितें उतरून घेत असूं, त्या स्नेह्याचें उत्तर आलें नव्हतें. वडील वारले तेव्हां परीक्षेस न बसतां तो गांवीं परतला. धाकट्या दोघां भावांस त्यानें शिकविलें, बहिणींचीं लग्नें केलीं, आणि तो ऊंस व कांदा यांतच राहिला. अर्ध्या पानांत त्यानें काय लिहावें?

अशा वेळीं मला गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील बंधु गोविंदराव आठवतात. वडील वारल्यावर गोविंदरावांनीं शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणासाठीं पाठवीत. गोपाळराव १८८४ सालीं, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. एकत्र कुटुंबांत एकाच्या पदवीखालीं दुसऱ्याची अर्धवट सोडलेली शाळा बहुधा असतेच; ती कोणत्याहि हकीकतींत छापली जात नाहीं.

त्याच कॉलेजांतून त्याच वर्षीं मुरुडचे धोंडो केशव कर्वे पदवीधर झाले. त्यांचें वय तेव्हां सव्वीस होतें. मॅट्रिक होण्यासच त्यांस १८८१ साल उजाडलें होतें. पुढें गोखले पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें व नंतर फर्ग्युसन कॉलेजांत गेले. कर्वे मुंबईंत राहून शाळांतून व खाजगी रीतीनें शिकवीत दिवसभर इकडून तिकडे फिरत. जगाच्या दृष्टीनें एक पुढें गेला होता आणि एक जेथल्या तेथें होता. १८९० मध्यें टिळकांनीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली व फर्ग्युसन कॉलेजांत गणिताची जागा रिकामी झाली. तेव्हां गोखल्यांस आपला जुना सहाध्यायी आठवला आणि त्यांनीं त्यास पत्र घातलें. १८९१ त कर्वे पुण्यास आले.

त्याच वर्षीं कर्व्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुढें १८९३ सालीं त्यांनीं आपले स्नेही नरहरपंत जोशी यांच्या विधवा भगिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला, आणि मुरुडकरांनीं त्यांस वाळींत टाकलें. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. रमाबाईंनीं पुढें आपलें कार्य केडगांवास नेलें, तेथेंच त्या १९२२ मध्यें वारल्या. तें केडगांव येथून भीमा ओलांडली कीं दौंड तालुक्यांत आहे. आमच्या आजीच्या पिढींत त्याचें नांव घरांत हळूं आवाजांत घेत.

पत्रामागून काय काय आलें, हें पाहण्याजोगें आहे. १८९६ त अनाथ बालिकाश्रम, मग हिंगणें, १९१६ त महिला विद्यापीठ. गोखले १९१५ च्या फेब्रुवारींत, एकोणपन्नासावें वर्षहि पुरें न होतां गेले. त्याच वर्षीं कर्व्यांचें 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झालें. कर्वे १९६२ पर्यंत, एकशें चार वर्षें जगले. वर्गांत मागें बसलेला कोण आणि पुढें गेलेला कोण, हें १८९१ सालीं कोणी अर्ध्या पानांत लिहविलें असतें तर काय लिहिलें गेलें असतें, असें माझ्या मनांत आलें. गोखल्यांनीं मात्र हकीकत मागविली नाहीं, काम दिलें.

मीं माझी चार ओळींची हकीकत तशीच पाठवून दिली. मग त्या स्नेह्यास निराळें पत्र लिहिलें. मुलेंबाळें, जमीन, प्रकृति यांपैकीं कांहींच विचारलें नाहीं. आमच्या आळींतील चार-पांच मुलांची गणितांत गाडी अडली आहे, आठवड्यांतून एक दिवस येशील का, इतकेंच लिहिलें. पत्र टाकल्यावर आपण त्याचा अपमान तर केला नाहीं ना, अशी रुखरुख दोन दिवस लागली होती. घरांतूनहि तसें बोलून दाखविण्यांत आलें.

आठव्या दिवशीं त्याचें उत्तर आलें. त्यांत स्वतःविषयीं एक अक्षर नव्हतें. मुलें कोणत्या इयत्तेंत आहेत आणि पुस्तक कोणतें चालतें, एवढेंच त्यानें विचारलें होतें.