अख्खे वाक्य भाषांतरकाराच्या हाती द्या

एखाद्या संकेतस्थळावर 'मराठी' निवडावे, मेनू मराठीत यावा, अर्जातले सगळे रकाने मराठीत यावेत आणि एक रकाना रिकामा राहिला की नेमकी तेवढीच सूचना इंग्रजीत उमटावी, हा अनुभव मराठी वापरकर्त्याला नवा नाही. भाषांतरकाराने हयगय केली, असे त्याला वाटते. पण ती सूचना बऱ्याचदा संकेतस्थळाची नसतेच. रकाना रिकामा राहिल्याचे ब्राउझर स्वतः ओळखतो आणि स्वतःच्या भाषेत सांगतो. तिथे आपला मराठी संदेश घालण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे. मात्र त्यासाठी कोणीतरी मुद्दाम चुका करत तो अर्ज मराठीत भरून पाहायला हवा. ते सहसा कोणी करत नाही.

मराठी संकेतस्थळांचे दुखणे भाषांतराच्या दर्जापेक्षा संदेशांच्या जोडणीत जास्त आहे, आणि तिथे जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची व काम देणाऱ्याची आहे.

जीएनयू गेटटेक्स्ट ही संदेशांच्या भाषांतराची प्रणाली १९९०च्या दशकापासून जगभर वापरात आहे. मूळ इंग्रजी वाक्य प्रोग्राममध्ये राहते आणि त्याचे मराठी रूप वेगळ्या फायलीत. पान उघडताना प्रोग्राम त्या फायलीत मराठी वाक्य शोधतो. सापडले नाही तर इंग्रजी वाक्य जसेच्या तसे दाखवतो. काम अडू नये म्हणून केलेली ही सोय समंजस आहे, पण तिच्यामुळे उणीव झाकली जाते. कुठे लाल दिवा लागत नाही, कोणाला निरोप जात नाही. त्यात मूळ इंग्रजी वाक्यात किरकोळ बदल झाला, तर त्याच्या जुन्या भाषांतरावर 'फझी', म्हणजे संशयास्पद, अशी खूण पडते आणि अंतिम फाइल बनताना ते आपोआप वगळले जाते. काल मराठीत दिसणारे बटण नव्या आवृत्तीनंतर इंग्रजीत का दिसते, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. प्रत्येक आवृत्तीआधी अशी वगळलेली वाक्ये मोजून भाषांतरकाराकडे पाठवली पाहिजेत.

खरी परीक्षा व्याकरणाची.

प्रवासाच्या संकेतस्थळासाठी प्रोग्रामर एक साचा करतो: गावाचे नाव, पुढे 'ला जाणारी गाडी'. नाशिक घातले की 'नाशिकला' बरोबर बसते. चाचणी तिथेच थांबली तर सगळे आलबेल. पण ठाणे घातले की 'ठाणेला' आणि सातारा घातला की 'साताराला' होते. मराठी माणूस ठाण्याला आणि साताऱ्याला जातो, पुण्याहून आणि गोव्याहून येतो. नामाचे सामान्यरूप हा आपल्या भाषेचा कणा आहे आणि साच्याला त्याचा पत्ता नसतो. उपाय अवघड नाही. गावांच्या यादीत नावाशेजारी सामान्यरूपाचा एक रकाना वाढवायचा. तेवढेही जमत नसेल तर 'जाण्याचे ठिकाण : ठाणे' अशी मांडणी करायची, म्हणजे प्रत्यय लावण्याची वेळच येत नाही.

लिंगाचेही तसेच. फाइल हटवली जाते, फोटो हटवला जातो, खाते हटवले जाते. इंग्रजीतल्या एका 'डिलीटेड'साठी मराठीत तीन रूपे लागतात. नाव एकीकडून आणि क्रियापद दुसरीकडून उचलून जुळवले, तर 'फाइल हटवले' असलेच काही तरी पडद्यावर येणार. आणि सुनीता गटात आली की 'सुनीता सामील झाला' असे जाहीर होते. हा बाईंचा अपमान आहे, तो तांत्रिक मर्यादा म्हणून खपवून घेऊ नये.

कारण ती मर्यादा उरलेलीच नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी प्रणालीत वचन, लिंग आणि विभक्ती यांसाठी संदेशातच सोय आहे. फिनिश भाषेत १५ विभक्ती आहेत, तिचे संदेश याच प्रणालीत सांभाळले जातात. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फ्लुएंट ही पद्धत आणली. इंग्रजी वाक्य एकसुरी असले तरी भाषांतरकार आपल्या भाषेपुरती वेगवेगळी रूपे तिच्यात लिहू शकतो. वचनांचे नियम युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंचात तयार मिळतात: जपानीला एक रूप, मराठीला दोन, अरबीला सहा. हे सारे खुले आणि फुकट आहे.

मीडियाविकीचे संदेश ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक अनुवादित करतात. तिथे संदेशासोबत तो कुठे दिसतो आणि रिकाम्या जागी काय येणार, याची टीप देण्याची पद्धत आहे. व्यावसायिक भाषांतरकाराला मात्र अनेकदा एक्सेलमध्ये सुट्या शब्दांची यादी मिळते. पडदा न दाखवता मागितलेल्या भाषांतराला भाषांतरकार जबाबदार कसा?

मराठीला राज्यकारभाराची भाषा ठरवणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा. आता सरकारी कामे पडद्यावर आली आहेत आणि ती निविदांमधून होतात. त्या निविदांत 'संकेतस्थळ मराठीत असावे' एवढ्या एका ओळीवर भागवू नये. वाक्ये तोडून जोडणार नाही, चुका दाखवणाऱ्या सूचनांसह प्रत्येक पडदा मराठी जाणणाऱ्याकडून तपासून घेऊ आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर पुन्हा तपासू, हे कंत्राटदाराकडून लेखी घ्यावे आणि त्याची पूर्तता झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये.