पानांचा मान

बाग म्हणजे फुले, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, फुलांसाठी नसलेले झाड कोणी मुद्दाम लावले तर त्याची कीवच केली जाते. माझ्या अंगणात गडद, जवळजवळ काळसर जांभळ्या पानांची कॉर्डिलाइनची तीन झाडे आहेत. आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला: "याचा देवाला काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आपल्या देवघरातच आहे.

तुळस आपण फुलांसाठी लावीत नाही. शंकराला बेल, गणपतीला दूर्वा, आणि भाद्रपद चतुर्थीला तर एकवीस प्रकारची पत्री! पूजेत पानाला एवढा मान देणारी माणसे अंगणात उतरताच पानाकडे पाठ फिरवितात, याचे मला नवल वाटते.

हंगामी फुलांशी माझे वैर नाही. परंतु त्यांचा बहर थंडीपुरता. फाल्गुन सरला की कुंड्या ओस पडतात. 1879 सालच्या आमच्या बडोद्याच्या सयाजीबागेत वैशाखात एक फेरी मारून पाहावी. फुलांचे वाफे सुने असले तरी बाग सुनी वाटत नाही, ती झाडांच्या आकारामुळे. घराच्या चार हात अंगणाला हा आकार कॉर्डिलाइन बाराही महिने देते. सरळ खोड आणि माथ्यावर तलवारीसारख्या पानांचा झुबका, एवढ्यावर तिचे भागते.

तिचे माहेर पॅसिफिक महासागराच्या पश्चिमेस, न्यू गिनीच्या बाजूला. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ती होड्यांतून थेट हवाईपर्यंत नेली. तेथे तिला 'की' म्हणतात. घराचे रक्षण व्हावे म्हणून ती घराभोवती लावतात आणि पानांत अन्न गुंडाळून शिजवितात. तेथेही मान आहे तो पानालाच.

आपल्याकडे पुष्कळदा ती 'ड्रॅसिना' या नावाने विकली जाते. मूळ पाहावे: कॉर्डिलाइनचे पांढरे, ड्रॅसिनाचे पिवळट नारिंगी. लावताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दुपारचे टाळावे. अगदी अंधाऱ्या जागी पानांचा काळा रंग उतरून ती हिरवट होतात. पाणी मुळाशी साचू देऊ नये. पाण्यात फ्लोराइड असेल तर पानांची टोके करपतात, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी तिला मानवते. खोड उंच वाढून खाली उघडे पडले की आषाढात निर्धास्तपणे छाटावे. बुंध्याला नवे कोंब येतात आणि छाटलेल्या खोडाचे चार-चार बोटांचे तुकडे ओल्या वाळूत आडवे ठेवले की त्यांचीही रोपे होतात. विकत घ्यावे लागते ते एकच. शेजाऱ्यांना वाटता येतात ती अनेक.

जागा मात्र विचाराने निवडावी. काळे पान दाट हिरवाईपुढे हरवते. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे ते उठून दिसते. आणि दोन-तीन झाडे पुरेत. सगळे अंगणच काळे केले तर त्या रंगाची किंमत राहत नाही.

फुलांचे कौतुक जरूर करावे. ती पाहुण्यांसारखी येतात आणि जातात. परंतु घर जसे घरच्या माणसांवर चालते, तसे अंगण पानांच्या भरवशावर सोडावे, असे माझे मत आहे.