परक्याच्या कंठातले ‘आपण’

२०१२ साली फिलिपिन्समध्ये ‘फॉरएव्हरमोअर’ नावाचा एक अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील सगळी गाणी त्या देशातील संगीतकारांची व तेथल्या घराघरांत पूर्वीच रुळलेली होती. गायक मात्र तेथला नव्हता. डेव्हिड आर्चुलेटा हा अमेरिकेच्या युटा राज्यात वाढलेला तरुण, वयाच्या सतराव्या वर्षी, २००८ साली, ‘अमेरिकन आयडॉल’ या स्पर्धेत दुसरा आला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेचा विजेता डेव्हिड कुक याच्यासह तो मनिलात गायला, आणि तेथल्या तरुण श्रोत्यांनी त्याला आपला मानले. त्या लोभाची परतफेड म्हणून त्याने हा अल्बम केला, असे म्हणावयास हरकत नाही. धंद्याचा हिशेब त्यात नव्हता असे नव्हे. पण निव्वळ हिशेबच असता तर आपलीच जुनी गाणी नव्या वेष्टनात घालून विकणे त्याला अधिक सोपे होते.

या अल्बमचा बोलबाला ‘अमेरिकन गायकाची तागालोग गाणी’ असा झाला. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक गाणी इंग्रजी आहेत. तागालोग गाण्यांत ठळकपणे नाव घ्यावे असे ‘नांदितो आको’, म्हणजे ‘मी इथे आहे’. ओगी अल्कासिद या फिलिपिनी गायकाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते गाजवले होते. याच नावाची एक दूरचित्रवाणी मालिकाही २०१२ साली तेथे निघाली व तीत आर्चुलेटाने परदेशी गायकाची भूमिका केली.

इंग्रजी गाण्यांचा भरणा पाहून कोणी नाक मुरडील. पण फिलिपिन्सची गोष्टच तशी आहे. १५६५ पासून तीन शतकांहून अधिक काळ स्पेनचा अंमल, मागाहून १८९८ पासून अमेरिकेचा, आणि स्वातंत्र्य १९४६ साली. शाळा-कचेऱ्यांतून इंग्रजी इतकी मुरली की प्रेमगीत इंग्रजीत लिहिणे तेथल्या कवीला परकेपणाचे वाटत नाही. १९८७ साली तेथील सरकारने आकाशवाणी केंद्रांना दर तासाला किमान चार देशी गाणी वाजविण्याचा आदेश दिला. त्यात ‘देशी गाणे’ कशास म्हणावे याची व्याख्या अशी केली की रचना फिलिपिनी माणसाची असावी. भाषा फिलिपिनी असो, इंग्रजी असो वा आणखी कोणती. भाषेवरून रक्त उकरणाऱ्या मंडळींनी हा आदेश एकदा डोळ्यांखालून घालावा. तेव्हा आर्चुलेटाने इंग्रजीत गायिले तरी ती गाणी त्याच्या श्रोत्यांचीच होती.

तरीसुद्धा लोक ज्याची वाट पाहत होते ते तागालोग गाणेच. परक्याने आपली भाषा तोंडात घेतली की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. कुठे घसरतो की काय! तागालोगमध्ये घसरण्याच्या जागा पुष्कळ. ‘पुनो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘झाड’, दुसऱ्यावर दिला तर ‘भरलेले’. आपल्या वर्णमालेतील ‘ङ’ आपण ‘वाङ्मय’ शब्दापुरता राखून ठेवला आहे. तागालोगात तो शब्दाच्या आरंभीच येतो, जसे ‘ङायोन’, म्हणजे ‘आता’. इंग्रजी जिभेला हा उच्चार भारी जड जातो. आर्चुलेटाला थोडा आधार होता तो असा की त्याची आई होंडुरास देशाची, त्यामुळे स्पॅनिश त्याच्या कानांवरून गेलेली. आणि तागालोगात स्पॅनिश शब्दांचा सुकाळ आहे. खिडकीला ‘बिंताना’, जोड्याला ‘सापातोस’. हा दुसरा शब्द ऐकून आपल्यातील कोकणच्या जुन्या माणसांना ‘सपात’ आठवली तर नवल नाही. पोर्तुगीजांनी त्याच शब्दाचा भाऊ आपल्या किनाऱ्यावर उतरवला होता.

उच्चार साधले म्हणजे अर्थ साधला का? हा प्रश्न जुना आहे. नॅट किंग कोल या थोर अमेरिकन गायकाला स्पॅनिश बोलता येत नव्हते. तरी १९५८ साली त्याने संपूर्ण स्पॅनिश तबकडी काढली, ती केवळ उच्चार घोटून, आणि ती अफाट खपली. मनिलात गेल्यावर त्याने ‘दाहिल सा इयो’, म्हणजे ‘तुझ्यामुळे’, हे तेथील लाडके जुने गीत तागालोगमध्येच गायिले. जाणकारांना त्यात परका सूर लागलाच असेल, पण ते गाणे लोकांनी अद्याप जपून ठेवले आहे. बालबोध लिपीतील पुस्तकावरून हिब्रू प्रार्थना म्हणणारे आपले आजे-पणजे तरी काय करीत होते? शब्दाशब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून त्यांची प्रार्थना उसनी होती असे म्हणावयास माझी जीभ धजणार नाही. असो.

मला अधिक मोलाची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. तागालोगात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘कामि’ म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही. ‘तायो’ म्हणजे तुम्हांसकट आपण. हा भेद इंग्रजीत नाही. हिब्रूतही नाही, ‘अनाख्नू’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबावे लागतात. मराठीने मात्र तो जपला आहे. ‘आम्ही उद्या जेरुसलेमला जाणार’ आणि ‘आपण उद्या जेरुसलेमला जाऊ’ यांतील फरक आपल्याकडे शाळेत न गेलेली आजीसुद्धा जाणते. पहिल्या वाक्यावर ती गप्प बसेल, दुसऱ्यावर पिशवी भरायला घेईल. या देशात जन्मलेल्या आपल्या नातवंडांना हा फरक समजावून सांगताना किती दमछाक होते, हे घरोघरी विचारून पाहावे. सातासमुद्रांपलीकडचा गायक आपल्या भाषेत गाऊ लागतो तेव्हा श्रोत्यांच्या मनातील ‘कामि’चे ‘तायो’ होते, निदान गाणे संपेपर्यंत. त्या तरुणाच्या व्याकरणापेक्षा त्याचे हे येणे लोकांनी मानले.

त्या अल्बमचे नशीब मात्र मौजेचे. तो बाजारात आला त्याच सुमारास आर्चुलेटा आपल्या मॉर्मन पंथाच्या धर्मसेवेसाठी चिली देशी निघून गेला, तो २०१४ सालीच परतला. ‘मी इथे आहे’ हे गाणे मनिलात वाजत होते, आणि गाणारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होता.

सुमारे एक कोटी फिलिपिनी माणसे पोटासाठी वा अन्य कारणांनी देशाबाहेर राहतात, त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. त्यांतील कित्येक स्त्रिया आपल्या इस्राएलात वृद्धांच्या उशाशी बसतात. रोझ फोस्तानेस ही त्यांच्यातलीच एक. जानेवारी २०१४ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने ‘एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेचे इस्राएलातील पहिले पर्व जिंकले. अंतिम फेरीत ती गायिली ते ‘माय वे’, इंग्रजी गाणे. तिच्या परवान्यात केवळ रुग्णसेवेचीच मुभा होती. गायिका म्हणून कमाई करण्यास सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागली. अमेरिकेचा तरुण फिलिपिन्सच्या भाषेत गातो, आणि फिलिपिन्सची बाई हिब्रू बोलणाऱ्या देशात इंग्रजीत गाते. तिची तागालोग ऐकण्याची तसदी आपल्यापैकी कोणी घेतली होती?

आपल्या पुष्कळ घरांतही अशी ‘मेतापेलेत’ आहे. आईच्या औषधांच्या वेळा, भाकरीचे पीठ कोठे असते, सारे तिला पाठ असते. कामापुरती हिब्रूही तिने आत्मसात केलेली असते. सवड काढून तिला ‘कामि’ आणि ‘तायो’ विषयी विचारावे. क्वचित असेही कळेल की तिच्या माहेरची बोली इलोकानो किंवा सेबुआनो आहे, आणि तागालोग ही तिनेसुद्धा शाळेत शिकलेलीच भाषा आहे.